भिकाबाईचा ढावलो आणि बांगडीवाल्याचं तट्टू

भिकाबाईला आपलं लग्न अगदी बारीकसारीक तपशिलासह आठवत असे, आणि ते दर साली थोडं वाढतही असे. निजामाच्या अमलातली गोष्ट. सेनगावजवळच्या एका बंजारा तांड्यावर तिच्या लग्नाची हकिगत ऐकली नाही असं माणूस हुडकून काढावं लागलं असतं. आधी वरातीत नुसते बैल होते. मग बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. नात देवलाचं लग्न ठरलं तोवर तर वरातीत एक उंटही दाखल झाला.

"उंट?" म्हाताऱ्या रामसिंगानं तोंडातली चिलीम काढली. "नवरदेव मीच होतो ना? मला काहून न्हाई दिसला?"

"तुमी माझ्याकडंच बघून राहिले होते. उंट कसा दिसंल?"

म्हाताऱ्यानं चिलीम परत तोंडात घातली. जरासा लाजलाही, असं बघणाऱ्या बाया सांगतात.

त्या उंटाच्या भरात भिकाबाई बोलून बसली, "देवलाला ढावलो मीच शिकवीन." ढावलो म्हणजे नवरीनं माहेर सोडताना रडत गायचं गाणं. पोर मुक्यानं निघाली तर सासरच्या बायांना वर्षभर चघळायला विषय होतो. आणि त्या तांड्याचा जुना ढावलो येणारी आता भिकाबाई एकटीच उरली होती.

देवला समोर बसली. म्हातारीनं डोळे मिटले, घसा खाकरला, "याडी ये..." अशी आईला हाक घालत सूर लावला, आणि थांबली. पुढचं काही येईचना. तिनं गूळ खाल्ला, बाजेची दिशा बदलली, देवाला हात जोडले. सूर घशापर्यंत यायचा, शब्द मात्र वाटेतच कुठं बसून राहायचे.

"उंटाला इचार," रामसिंग म्हणाला.

"दादी," देवलाचे डोळे भरून आले, "मी मुक्यानंच जाऊ का? हिला माहेराची मायाच न्हाई म्हणतील तिकडं."

"उद्या आठवंल," भिकाबाई रोज म्हणे. गाणं लेकराएवढी असताना शिकलेलं, ते जाईल कुठं? पण सुपातल्या निवडलेल्या तुरी ती पुन्हा पुन्हा निवडत बसायची.

लग्न तोंडावर आलं आणि सेनगावचा अल्लाबक्ष चुडा भरायला आला. बांगड्यांच्या पेट्या तट्टूवर, तट्टूच्या गळ्यात घुंगरमाळ. बाभळीमागून ती माळ खुळखुळली आणि भिकाबाईचा सुपातला हात जागीच थांबला. पाठोपाठ तोंडातून ढावलो सुरू झाला, खणखणीत!

म्हातारी गाते आहे म्हणून अल्लाबक्षानं अदबीनं तट्टू उभं केलं. गाणंही उभं राहिलं.

"थांबले काहून? हाका!"

"बाई, बांगड्या भरायच्या हैत..."

"बांगड्या मरू द्या! तट्टू हाका!"

भिकाबाईला तेव्हा उमगलं. लहानपणी आई तिला मिठाच्या गोणीवर बसवून बैलाच्या कडेनं चालायची आणि चालता चालता गायची. घुंगरू, रस्ता, आईचा आवाज, सगळं एकाच गाठोड्यात तिच्या आत गेलं होतं. बाजेवर बसून त्यातलं एकटं गाणं ओढू गेलं की गाठ सुटत नव्हती. शिवाय ओळीओळीमधे आई बैलाला "हैक! चाल रं!" करायची. तेही गाण्यात मुरलेलं. ते गाळलं की पुढची ओळ येत नसे आणि परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

मग काय, अल्लाबक्ष तट्टू घेऊन तांड्याभोवती फेऱ्या घालू लागला. मागं भिकाबाई, तिच्या मागं 'हैक!'सकट ओळ न् ओळ उचलत देवला.

"घरी बायकूला काय सांगू?" तो कुरकुरला. "बांगड्या इकायला गेलतो का वरात काढायला?"

लग्न लागलं. रिवाजाप्रमाणं देवलाला सजवलेल्या बैलावर उभी केली. तिनं हात पसरून "याडी ये..." म्हटलं आणि बायांनी पदर डोळ्यांना लावले. पहिली ओळ झाली. देवला हुंदक्यातच ओरडली, "हैक! चाल रं!"

बैलाला ढावलो काय ठाऊक? तो निघाला.

"अरे, नवरी चालली! धरा!" सासरची माणसं ओरडली. रामसिंगानं धावत जाऊन कासरा ओढला. बैल थांबला, घुंगरू थांबले, आणि देवलाचं गाणंही. ती घाबरून म्हातारीकडं बघू लागली.

"सोडा त्याला!" भिकाबाई गर्दीत घुसली. "अवो, चालू द्या! थांबला की ढावलो गेला!"

रामसिंगानं कासरा सैल सोडला. बैल डुलत चालला, घुंगरू वाजले, आणि देवलाच्या तोंडून ओळीमागून ओळ येऊ लागली. एका बाजूनं म्हातारा, एका बाजूनं म्हातारी तिला धरून. मागं फेटा सावरत नवरदेव धावतोय, विहीणबाई रडायचं का हसायचं ते न कळून दोन्ही करताहेत. शिवेपर्यंत ढावलो पुरा झाला. विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "असा ढावलो जल्मात ऐकला न्हाई!" देवला बैलावरच खुदकन हसली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, पण त्या तांड्याच्या पोरी "हैक! चाल रं!" म्हणतच रडतात, आणि त्यांचा बैल कुणी अडवत नाही. भिकाबाई मात्र शेवटपर्यंत सांगत असे, अल्लाबक्ष त्या दिवशी उंटावर बसून आला होता.

"उंटावर?" कुणी नवखा हसायचा.

रामसिंग चिलीम खाली ठेवायचा. "व्हय, उंटच. मी सोता बघितला. आमच्या लग्नात होता, बराबर तोच."