टेपखालची भोकं

बॅटरीच्या मागं, इंजिनच्या कॉम्प्युटरला चिकटून तो डबा बसवला होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, वरचं लेबल कुणीतरी खरवडून काढलेलं. त्यातून निघालेल्या चार वायरी कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात कथलाचा डाग देऊन जोडल्या होत्या. गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात होती, तरी डब्यावरचा बारीक लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता.

आयुष्यभर मी गाड्यांचं वायरिंग केलं. जीप, ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं माझं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत मला अजून वायरमन म्हणूनच ओळखतात.  पण तो दिवा कशासाठी पेटतोय हे मला सांगता येत नव्हतं.

गाडी मुलीसाठी घेतली होती. ती गगनबावड्याच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज एसटीनं जायची, परतीची गाडी चुकली की घाटमाथ्यावरच्या धुक्यात ताटकळत उभी राहायची. म्हणून निपाणीजवळच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी डिझेल गाडी घेतली. जुन्या गाड्यांचा त्याचा धंदा वडिलांपासूनचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. गाडी ताब्यात देताना अण्णानं मला बाजूला घेतलं.

"पावणं, गाडी चांगली हाय. पण आधीच्या मालकानं इंजिनाकडं कायतरी बसवलंय. कशाचं हाय ते मला म्हाईत न्हाय. कॉम्प्युटरचं काम करणाऱ्याकडनं काढून घ्या, मगच लेकीच्या हातात द्या."

"अण्णा, वायरमनला वायरी दाखवताय व्हय?" मी म्हणालो.

तोही हसला. मुलगी तेव्हा पलीकडं टायर बघत होती. तिच्या कानावर यातलं काही पडलं नाही, आणि नंतर मीही घातलं नाही.

डबा दिसल्यावर मी शेजाऱ्याला बोलावून दाखवला. तो पूर्वी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्यानं वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला. "ह्ये असलं मी बघिटलंय. कुठंतरी बसून मोबाईलचं बटण दाबायचं, हिकडं गाडी बंद. आधीचा मालक कोण होता म्हणं?"

ते मला ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीमागं मला एक अनोळखी माणूस दिसायला लागला. मुलगी घाटरस्त्याला असताना त्यानं बटण दाबलं तर?

तेव्हाच गाडी अण्णानं सांगितलं तशा माणसाकडं न्यायला हवी होती. त्याऐवजी मी माळ्यावरून माझा टेस्टिंग लॅम्प काढला. एका टोकाला दाभणासारखी सुई, मध्ये बल्ब, दुसऱ्या टोकाला चिमटा. चिमटा बॉडीला लावायचा, सुई वायरीत टोचायची. बल्ब पेटला की वायरीत करंट आहे. आमच्या काळात सगळे असंच करायचे. भोक पडलेल्या वायरीला काही होत नसे, कारण त्या वायरी चांगल्या जाड होत्या आणि त्यांचं काम दिवे आणि हॉर्न चालवण्यापुरतं असे.

इथल्या वायरी दोऱ्यासारख्या होत्या. इंजिन चालू ठेवून मी जुडगं सोललं आणि डब्याच्या जोडांपासून कॉम्प्युटरच्या बाजूला, वरच्या दिशेनं टोचत गेलो. एका वायरीला बल्ब लखलखीत पेटला. एका पिवळ्या वायरीला नुसता लाल तांबूस झाला आणि इंजिन खोकलं. मी सुई झटक्यात काढली. इंजिन पुन्हा सुरळीत चाललं.  डबा काय करतो ते कळलं नव्हतंच. मी सगळ्यावर नवी टेप गुंडाळली. टेप गुंडाळण्यात माझा हात चांगला. पट्ट्यावर पट्टा असा बसवतो की कारखान्यातून आल्यासारखं दिसतं.

"काय सापडलं, आबा?" मुलीनं विचारलं.

"काय न्हाय. कायतरी जुनंच वायरिंग हाय. चालव बिनधास्त."

पावसापाण्याचे दिवस. साळवणच्या पुढं, चढाच्या वळणावर तिची गाडी एकाएकी बंद पडली. इंजिन गेलं तसं स्टिअरिंग जड झालं, ब्रेक लागेना, गाडी मागं घसरायला लागली आणि खालून दुधाचा टँकर येत होता. तिनं हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घातली. टँकरवाल्यानं कसाबसा टँकर थांबवला. मुलीच्या कपाळाला आणि मनगटाला लागलं. तिचा फोन आला तेव्हा ती बोलत होती, आणि मला मात्र फक्त टँकरचा वाजत राहिलेला हॉर्न ऐकू येत होता.

त्यानंतर, अण्णानं डब्याचं लपवून गाडी विकली असं धरून गल्लीतली माणसं मला घेऊन त्याच्या यार्डात गेली. सगळ्यात पुढं तोच शेजारी होता. "पोरीला मारायला निघाला हुतास व्हय रं?" असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडला. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं.

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाला, "पावणं, मी तुम्हाला सांगितलं हुतं का न्हाय?"

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "न्हाय. मला काय बोलला न्हाईत."

 तो व्हिडिओ मग कोल्हापूरभर फिरला.

इथंच थांबलं असतं तर कदाचित मी ते पोटात घेऊनच मेलो असतो. पण गाडी कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या नव्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं मशीन लावलं, डबा काढला, फोडून बघितला आणि हसला. गाडीला जादा जोर यावा म्हणून बसवतात तसला डबा होता. इंजिनातलं डिझेलचं प्रेशर कॉम्प्युटरला खोटं सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यात ना सिमकार्ड, ना मोबाईल; दिवा नुसता बॅटरीच्या करंटवर लुकलुकायचा. लांबून गाडी बंद करणारं कुणीच नव्हतं.

"मग बंद कशानं पडली?" मी विचारलं.

"प्रेशरचा निरोप मधनंच तुटत हुता. ही पिवळी वायर. डब्याचा जोड कच्चा असणार. जोड काढून वायर सरळ केलीया. आता काळजी न्हाय."

पिवळी वायर. मी वाकून बघितलं. जोडाच्या वर, कॉम्प्युटरच्या बाजूला, माझी टेप तशीच होती. ती कंपनीची समजून त्यानं तिला हात लावला नव्हता. खाली माझ्या सुईची भोकं होती, आणि भोकांत गगनबावड्याचा पाऊस शिरत होता. ते त्याला न सांगता मी बिल भागवून घरी आलो.

मनगट बरं झाल्यावर मुलगी पुन्हा गाडी घेऊन जायला लागली.  पूर्वी ज्याची भीती होती तो माणूस कुठंतरी लांब, अनोळखी होता. आता तो आरशात दाढी करताना समोर असायचा. आभाळ भरून आलं की मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं बघत उभा राहायचो. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत खाली उतरायचं धाडस होत नसे.

मग एका सकाळी बुटाचे बंद बांधता बांधता ती म्हणाली, "काल परत हिसका दिला गाडीनं. बंद पडली न्हाय, पण दिला. ओलं झालं असंल कुठंतरी."

मी तिच्या हातातून किल्ली घेतली. उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. सुई, भोकं, टेप. आणि अण्णानं मला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते.

तिनं दवाखान्यात फोन करून सुट्टी टाकली. मग बुटाचे बंद सोडले.

"मी दरीत गेले असते, आबा."

"व्हय."

"आणि तरी तुम्ही अण्णांचंच नाव सांगितलं असतं?"

मी किल्ली तिच्यापुढं ठेवली आणि गॅरेजवाल्याला फोन लावला. 

गॅरेजात टेप सोलली तेव्हा पिवळ्या वायरीचं तांबं हिरवं पडून एका तारेवर लटकत होतं. तेवढा तुकडा नवा घातला. मी एसटीनं निपाणीला गेलो. यार्डात पूर्वीपेक्षा कमी गाड्या होत्या. अण्णानं खुर्ची दिली. तिथं बसलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर मी सगळं बोललो.

तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "हितं कशाला सांगताय, पावणं? हितल्या माणसांना ठाऊक हाय मी कसा हाय ते. माझं नाव गेलं ते तुमच्या गल्लीत."

गल्लीत मी एकेका दाराशी जाऊन सांगायला सुरुवात केली. शेजारी म्हणाला, "झालं गेलं, कशाला उकरताय?" आणि दार लोटलं. अजून अर्धी गल्ली राहिलीय. व्हिडिओ जिथवर पोचला तिथवर माझे पाय पोचणार नाहीत, म्हणून हे लिहिलं. अण्णानं मला सांगितलं होतं. खोटं मी बोललो.