सिद्ध झालेलं लग्न

एलएलएमच्या पहिल्या वर्षी फॅमिली लॉच्या तासाला सरांनी फळ्यावर एक कुटुंब काढलं. मधे चौकोनात नवरा, एका बाजूला पहिली बायको, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि दुसरीच्या खाली एक लहान गोल, म्हणजे तिचं मूल. "पहिली जिवंत असताना, तिच्याशी फारकत न घेता केलेलं दुसरं लग्न शून्य," सर म्हणाले. "पण त्या लग्नाचं लेकरू कायद्याला मान्य. बापाच्या मालमत्तेत त्याला वाटा आहे. आईला काही नाही." मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सर, फळ गोड आणि झाड बेकायदेशीर." वर्ग हसला, सरही हसले. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटीच दिसले असते. फळ्यावरचा तो लहान गोल मी होते. मग मी ती आकृती वहीत उतरवून घेतली.

माझी माय बिडकीनची. वाळूजला कंपनीत कामाला असलेला जावई मिळतोय म्हणून आजोबांनी तिचं लग्न खुशीनं लावून दिलं. जावयाची एक बायको सिल्लोडला आधीच नांदतेय, हे मी जन्मल्यावर कळलं. ती बाई पोराला कडेवर घेऊन बजाजनगरच्या आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझा बाप त्या दिवशी शिफ्ट नसताना कंपनीत निघून गेला. भित्रा माणूस. पुढं त्यानं दोन्ही घरं चालवली, पण एकाही घरात मान वर करून बसला नाही. गल्लीत मायला नाव नव्हतं, ती 'दुसरी' होती. टँकरच्या पाण्यावरून भांडण लागलं की समोरची बाई शेवटी तेवढा एकच शब्द काढायची आणि माय हंडा उचलून घरात यायची. आपल्या लग्नाची गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही, मलाही नाही.

बाप गेला तेव्हा सिल्लोडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माय पार मागं, स्वयंपाकाच्या बायकांत बसली होती. जेवणं आटोपल्यावर पहिलीचा मुलगा, म्हणजे माझा सावत्र भाऊ, तिच्यापाशी आला. "मावशी, बजाजनगरचं घर आमच्या बापाच्या नावावर आहे. पोरीची परीक्षा झाली की खाली करा," असं म्हणून त्यानं पान लावायला सुपारी मागितली.

मायला त्याची भीती वाटली नाही. तिची पोरगी वकिलाच्याही वरचं शिकत होती. "माझी पोरगी बघून घेईल," असं ती जेवणाचे डबे द्यायची त्या गिऱ्हाइकांनाही सांगायची.

पोरीनं बघितलं. मी वाटणीचा दावा लावला. आमचे वकील जुने आणि फटकळ. ते म्हणाले, "समोरचे म्हणतील लग्न झालंच नाही, बाई नुसती ठेवलेली होती. तसं ठरलं तर तुझं लेकरूपण गोत्यात येतं. तेव्हा आईला लग्न सिद्ध करू दे. झालं होतं आणि पहिली असताना झालं होतं. तू एलएलएमची, पुढचं तुला सांगायला नको." पुढचं मला पाठ होतं. मायनं लग्न पक्कं सिद्ध करायचं, म्हणजे कोर्टाला ते शून्य ठरवता येईल, म्हणजे मला घर मिळेल. यातलं पहिलं तेवढं मी मायला सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर ती साक्षीला उभीच राहिली नसती, आणि मग आम्ही दोघी रस्त्यावर. मला त्याची लाज वाटत नाही.

उलटतपासात त्यांचा वकील तिला लोळवायला निघाला होता. "बाई, सात फेरे झाले का?"

"आमच्यात फेरे नसतात साहेब."

"मग लग्न कसलं?"

आणि माय बोलायला लागली. विहारासमोर मांडव होता. पांढरी साडी नेसली होती, ती मामानं पैठणहून आणली होती. बोधाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, गाथा म्हटल्या. जेवायला बुंदी होती, वांग्याची भाजी जरा करपली होती. "त्यांच्या हाताला लई घाम आला होता," ती म्हणाली, "हार घालताना माझ्या मानेला लागला." वकील थांबवायला गेला तर न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना." मी मागं बसून तिच्याकडं बघत होते. इतकी वर्षं दाबलेलं लग्न ती भर कोर्टात मिरवत होती. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती गात होती.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊनच आली. निकाल आम्ही मागितला तसाच लागला. बाहेर पायऱ्यांवर तिनं पहिला पेढा सावत्र भावापुढं धरला. "घे बाबा. कोर्टानं मानलं, लगीन झालं होतं."

त्यानं पेढा घेतला, खाल्ला. मग म्हणाला, "मानलं ना मावशी. म्हणूनच शून्य धरलं. तुम्ही त्यांच्या कोणीच नाही, असं लिवलंय. पोरीला विचारा की, तिनंच तर मागितलं होतं."

माय माझ्याकडं वळली. "व्हय का गं?"

तो खोटं बोलतोय असं म्हणता आलं असतं. तेही तिनं मानलं असतं. मी म्हणाले, "व्हय. पण त्यामुळंच घर राहिलं ना आपलं." तिनं पेढ्यांचं खोकं माझ्या हातात दिलं आणि रिक्षा बघायला पुढं गेली.

वाटणीत बापाची जमीन सिल्लोडकरांना गेली, घर माझ्या नावावर झालं. दावा चालू असतानाच मी एलएलएम झाले होते, फॅमिली लॉमध्ये वर्गात पहिली. परवा माय हातात खिळा घेऊन उभी होती. बापाचा मोठा केलेला फोटो तिनं खाटेवर ठेवला होता.

"ठोकू का?" तिनं विचारलं.

मी चिडले. "मला काय विचारती? घर तुझंच आहे."

"माझं कुठलं. घर तुझं," ती शांतपणे म्हणाली. "आन् ह्यो बी तुझाच बाप. माझा कोण लागतो, तूच सांग."

मला तिचा भयंकर राग आला. मी तिच्या हातातून खिळा घेतला आणि फोटो मीच लावला.