अखंड खूर
परवा पालीच्या वाटेवर ओल्या मातीत कुणाच्या तरी घोड्याचा गोल, अखंड खूर उमटलेला दिसला आणि मी थबकले. गाईचा खूर मधोमध चिरलेला असतो. पूर्वी ताईच्या सासरी जन्मलेल्या त्या वासराचा नव्हता. त्याचे पुढचे दोन्ही खूर असेच घोड्यासारखे होते. उभं राहायला जाई आणि गुडघ्यांवर पडे. गोठ्यात चिकाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास कोंडला होता. "सुनंचा पायगुण, दुसरं काय!" ताईच्या सासूबाई दारातून म्हणाल्या. गाय आम्हीच ताईला लग्नात आंदण दिलेली, म्हणून वडील मला घेऊन बघायला आले होते. गुरांच्या डॉक्टरांनी खूर हातात धरून निरखला. "हे रक्तातनं येतं. या गाईच्या घराण्यात आधी असं झालं होतं का?" वडील म्हणाले, "न्हाई बा. आमच्याकडं असलं कायबी न्हाई." ताईच्या लग्नाआधी गुंजवण्याला, आमच्या घरी, याच गाईच्या आईला असंच वासरू झालं होतं. चार दिवसांनी ते मेलं, वडिलांनी परसात खड्डा घेतला आणि ताईनं नि मी त्यावर माती लोटली. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिनं वडिलांकडं पाहिलं, पदर सावरला आणि सासूबाईंना म्हणाली, "व्हय, माझाच पायगुण." वडील जाऊनही आता वर्षं झाली. परवा त्या वाटेवर ताई माझ्या मागूनच येत होती. ती पोचायच्या आत मी चपलेनं त्या खुरावर माती लोटली.