दाखवायची बाटली

यवतमाळहून दिग्रसला जाताना एसटीत ती पोरगी माझ्या शेजारी बसली होती. खड्डा आला की मी समोरची दांडी धरायचे. ती हातातली इवलीशी बाटली सांभाळायची. मग बाटली तिकिटावर धरून आरपार अक्षरं दिसतात का ते बघायची.

मी मुळात चौकस. विचारलंच, "हे काय होय वं?"

"औषध, काकू. कॉलेजच्या लॅबमधी बनवलं. तेल, पाणी अन् दोघाईत मिसळणारं एक तिसरं. आरपार दिसलं त बरं, दुधासारखं झालं का समजाचं बिघडलं."

"साबणाबिगर तेल-पाणी मिसळते?"

"तेच त! माह्या मायच्या हाताले भेगा हायेत. साबण लागला का आग होते."

"मंग आता लावशील तिले?"

"नाही, अजून तपासाचं हाय. लावाले नाही, दाखवाले नेऊन राह्यली."

न लावायचं औषध एवढं जपून कोण नेतं, असं मला वाटलं.

फाट्यावर तिची आई उभी होती. पोरीनं खाली उतरल्या उतरल्या बाटली तिच्या हातात दिली. त्या भेगाळलेल्या बोटांनी बाटली डोळ्यांसमोर धरून तिनं त्यातून लेकीकडे पाहिलं. माझ्या खिडकीखालीच तिचा आवाज आला, "दिसून राह्यली वं तू."