वाऱ्यासाठी गोळ्या

माझ्या घरमालकिणीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, १९६२ सालच्या ईस्टरच्या शनिवारी सकाळी, म्युनिकमध्ये, शांतता मोर्चा निघायच्या तोंडावर. करणारे कुणी हुकूमशहा नव्हते, आपलीच मराठी विद्यार्थी मंडळी होती. अहिंसेच्या देशातून आलेली, तेव्हा बोलायची सोयच नाही.

बाई साठीच्या. तुम्हीही त्यांना जुन्या बाजारात पाहिलं असेल. मिटलेला लोखंडी साचा उजेडासमोर धरून एका डोळ्याने बघत उभ्या असायच्या. साचा बंदुकीच्या गोळ्या ओतायचा, सांडशीसारख्या दांड्यांचा. मिटल्यावर मधून उजेडाची रेघ दिसली की "नाईन, नको!" म्हणून साचा परत. फटीतून शिसं गळतं, गोळीला धारदार कोर येते आणि ती कापड फाडते. हो, कापडच. पडदे सरळ पडावेत म्हणून बाई त्या गोळ्या पडद्यांच्या खालच्या दुमडीत शिवायच्या.

एकदा मी पिशवी धरून सोबत होतो. बाईंनी साच्याच्या खळग्यात करंगळी फिरवली, दांडे खुळखुळवून पाहिले.

"काय आजी, कुणाला मारायचंय?" दुकानदार हसला.

"वाऱ्याला. आल्झो, गंज आहे. किंमत उतरवा." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'.

"कुठे आहे गंज?"

"तुम्ही विकणारे. तुम्हाला कसा दिसेल?"

त्यांचा एकुलता मुलगा युद्धातून परत आला नव्हता. त्या कधी मोर्चात गेल्या नव्हत्या. आमचा कापडी फलक बघून मात्र म्हणाल्या, "याच्यामागून मी चालेन." गुड फ्रायडेला सुई हातात धरणं पाप मानणाऱ्या बाई त्या दिवशी फलकाच्या खालच्या कडेला गोळ्या शिवत बसल्या.

शनिवारी आमच्या पुढाऱ्यांनी, म्हणजे भाऊंनी, ती कड चाचपली. "हे काय? शांततेच्या फलकात बंदुकीच्या गोळ्या?"

"अहो भाऊ, पडद्याच्या आहेत त्या!" मी ओरडलो.

"साचा कसला, ते सांग. फोटो छापून आला म्हणजे?"

भाऊ संशोधक. रोज गार्चिंगच्या अणुभट्टीवर कामाला जातात. तिथे त्यांना काही खटकत नाही, शिशाच्या गोळीत मात्र हिंसा दिसली. त्यांनी ब्लेडने शिवण उसवली. "आजी, तुम्ही घरीच थांबा. लोकांचा गैरसमज होईल."

बाईंनी रस्त्यावर सांडलेल्या गोळ्या एकेक करून आपल्या टोपीत वेचल्या. "आल्झो," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

फलकावर वरच्या ओळीत होतं 'अणुबॉम्ब', खालच्या ओळीत 'नको'. पहिल्याच चौकात वारा सुटला, खालची ओळ उडून मागे गेली आणि आम्ही अख्ख्या म्युनिकभर 'अणुबॉम्ब' मिरवत निघालो. भाऊ सर्वांत पुढे, छाती काढून.

या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या खिडकीतले पडदे अजून सरळ पडतात. साचा आणि ती टोपी माझ्याकडे आहे, गोळ्यांसकट.

येत्या ईस्टरच्या शनिवारी पुन्हा मोर्चा आहे, फलक तोच. तुम्ही येणार असाल तर सुईदोरा घेऊन या, तो भाऊंच्या हातात द्या आणि गोळ्या पुन्हा शिवून होईपर्यंत फलकाला हात लावू नका.