आत्याच्या नावावर फुटलेले पेले

आमच्या आत्याने आम्हा भावंडांना कधी शिक्षा केली नाही. शिक्षा ती स्वतः घ्यायची. रविवारी उपासनेहून आल्यावर घरी मटण असे, आणि आठवड्यात जो खोटं बोलला त्याला ते मिळणार नाही, हा आजोबांचा नियम. माझं नाव निघालं की आत्या आपलं ताट पालथं घाली आणि माझं वाढी. म्हणे, "शिक्षा तं झाली. आता जेव." तिला उपाशी पाहून घास घशाखाली उतरत नसे, असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी रस्सा दोनदा मागून घेत असे.

ही वडिलांची थोरली बहीण, अकोल्यात नर्स होती. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. प्रभुभोजनात द्राक्षरस द्यायचे काचेचे इवलेसे पेले धुण्याची सेवा तिच्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी ते आमच्या घरी येत. एकेक पेला उजेडाकडे धरून ती पुसायची, तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

दहा वर्षांचा असताना मी त्या पेल्यांतून मित्रांना संत्र्याचं सरबत पाजलं. वर पाळकसाहेबांची नक्कलही केली. नकलेला दाद मिळाली, मी वाकून नमस्कार केला आणि कोपर लागून अख्खा ट्रे खाली. मी मांजराचं नाव सांगितलं. आमच्याकडे मांजर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळीच्या पंचांनी विचारलं, तेव्हा आत्या उभी राहिली. "माह्या हातून फुटले."

"सुई टोचताना तं हात कापत नाही तुमचा, सिस्टरबाई," एक पंच म्हणाले.

मी बाकावर बसून गीतपुस्तकाचं कव्हर नखाने खरवडत होतो. ती सेवा तिच्याकडून काढून घेतली, ती परत कधी दिली नाही. शनिवारी संध्याकाळी ती ओसरीवर नुसती बसून राही. मला मात्र एका शब्दाने बोलली नाही.

पुढे मी अमरावतीला नोकरीला लागलो. ख्रिस्ती मी आहेच, जसं माझं नाक बसकं आहे. दोन्ही आजोबांकडून आलं, त्यात माझी मेहनत शून्य. हे सांगून आत्याला हसवायला गेलो, तर ती म्हणाली, "विश्वास आजाचा होता. तुहा कोनता हाय?"

"शोधून राहिलो, आत्या."

"खिशात पाह्य. चष्म्यासारखा इसरला असशीन कुठं."

मागच्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो आणि म्हणालो, "आत्या, पेल्यांचं मी मंडळीत सांगून टाकतो. चाळीस वर्षं तुझं नाव खराब राहिलं."

"फेडाले आला का? मंग प्रभूचंबी फेडशीन?" तिने माझा हात थोपटला. "हे फेडाचं नसते, लेका. घ्याचं असते. तुले तेच जमत नाही."

"मग मी करू काय?"

"काही नोको करू. बस माह्यापाशी थोडा."

मी बसलो नाही. चारची गाडी गाठायची होती. चौथ्या दिवशी ती गेल्याचा फोन आला.

अंत्यविधीच्या वेळी पाळकांनी विचारलं, कोणाला चार शब्द बोलायचे आहेत का. तिने नको म्हटलं होतं, तरी मी उभा राहिलो. म्हणालो, "ते पेले मी फोडले होते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेव्हाचे पंच केव्हाच गेलेले. पाळक तिशीतले, त्यांनी इथे आल्यापासून वापरून टाकायचे प्लास्टिकचेच पेले पाहिलेले. त्यांनी हळूच विचारलं, "कोणते पेले, भाऊ?"

कोणीतरी गीत सुरू केलं. निदान खांदा तरी द्यावा म्हणून पुढे झालो, तोवर शवपेटीच्या सगळ्या बाजू धरून झाल्या होत्या. आत्याच्या मागे मी रिकाम्या हातांनी चालत गेलो.