नऊ वेळा सास बाहेर

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला रिसोडचा हिवाळ्यातला बाजार आठवतो. आई आणि आजी मळ्यातली मेथी घेऊन बसायच्या आणि शेजारी एक तिबेटी बाई स्वेटर विकायची. बाबा गेल्यापासून आईच्या छातीवर सारखं दडपण असायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघत नव्हतं. एके दिवशी गिऱ्हाईक नसताना त्या बाईने आईला समोर बसवलं आणि आपल्या लोकांचा नऊ श्वासांचा प्रकार दाखवला: एक नाकपुडी बोटाने दाबून तीनदा, दुसरी दाबून तीनदा, मग दोन्हींनी तीनदा. फक्त हिंदीतल्या ‘साँस’चा अनुनासिक उच्चार तिला जमत नव्हता. "सास को अंदर मत रोको," ती जोरात म्हणाली, "बाहर निकालो! नौ बार!" मेथीच्या जुड्या बांधणारी आजी, म्हणजे आईची सासूच, तिच्या ‘आत्याबाई’, ताडकन उठली. "काहून वं? म्या काय केलं? एक डाव काढून भागत नाही, तं नऊ डाव?" आईने नाकपुडी दाबलेलीच होती, हसू फसकन बाहेर आलं आणि मग थांबेचना. वर्षभराने मी तिला हसताना पाहत होते. आजीही पाहत राहिली, मग खाली बसली आणि म्हणाली, "अशी हासशीन तं काढ मले बाहेर. रोज काढ." आज आजी नाही. पण आई रोज सकाळी अंगणात नऊ श्वास सोडते आणि नववा झाला की हसत म्हणते, "चाला आता घरात, आत्याबाई."